नॉन-क्रेडिट बौद्धाचार्य

२९ जून २०२५, रविवार
बौद्ध समाजाच्या ग्रामशाखेची मीटिंग. ठराव मी मांडला, मीच लिहिला. यापुढं गावातलं लग्न पालीची परीक्षा पास झालेल्यानंच लावायचं. एकमतानं मंजूर. म्हणजे लांज्याचा बौद्धाचार्य केतन बंद. तो माइक घेतो आणि एकेका ओळीचा अर्थ सांगत सुटतो, लोक उपाशी. मी तीस वर्षं लग्नं लावतोय. वीस मिनिटांत मोकळा. पण माझ्याच नातीला, स्नेहलला, डिसेंबरात केतन हवाय. आता बोलाव म्हणावं.
सेक्रेटरी सुजय म्हणाला, काका, ठराव तुम्हालाही लागू होईल. म्हटलं, होऊ दे. पाली माझ्या तोंडात आहे.

६ जुलै, रविवार
रत्नागिरी. कॉलेजात पुतण्या अमरदीप क्लार्क आहे. पालीचा कोर्स रविवारचा, वयाची-शाळेची अट नाही. दोन प्रकार सांगितलेन. क्रेडिट म्हणजे लेखी, तोंडी, मार्क. नॉन-क्रेडिट म्हणजे बसा, ऐका, घरी जा. मी क्रेडिट घेतला. अर्धं काम करत नाही आपण.
जाईबाईलाही नेली, डबा धरायला. बायको सोबत असली की एसटीत बरं पडतं. तिनं विचारलंन, मी कुठला घेऊ. म्हटलं, हवा तो घे, मला विचारत बसू नको.
उद्यापासून पहाटे पाचला अभ्यास.

७ जुलै, सकाळी ८
पाऊस होता. उद्यापासून.

३ ऑगस्ट, रविवार
चाचणी. वीसपैकी तीन. मॅडम स्नेहलच्या वयाची. म्हणा म्हटलं असतंन तर सगळं म्हणून दाखवलं असतं, न अडखळता. तिनं अर्थ विचारलान. अर्थाचं काय मध्येच?

४ ऑगस्ट
विचार केला. मार्क कोणाला लागतात? ज्यांना येत नाही त्यांना. म्हणजे नॉन-क्रेडिट हा वरचा कोर्स. अमरदीपला फोन करून बदलून घ्यायला सांगितला. तो म्हणाला, काका, त्यात नुसतं हजेरीचं पत्र मिळतं. म्हटलं, शिक्का असतो ना? मग झालं.

२४ ऑगस्ट, रविवार
गणपतीचे चाकरमानी आले. एसटीत पाय ठेवायला जागा नाही. गेलो नाही. जाईबाई उभ्यानं गेली. बायकांना हौस.

२८ सप्टेंबर, रविवार
गेलो नाही. माझ्या कोर्सला हजेरीची कटकट नाही. जाईबाई भाकरी थापताना पुटपुटते. आज भाकरी करपली. दोन शब्दांचे अर्थ विचारलेन. म्हटलं, आपल्याला परीक्षा नाही, डोकं कशाला शिणवतेस? हसली. का ते कळलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
अमरदीपचा फोन. मला वाटलं, माझ्या पत्राचा. तर म्हणाला, काकूला द्या. काकू पास. पन्नासात सदतीस.
क्रेडिट घेतलान तिनं! चार महिने माझ्या शेजारी जेवत होती. विचारलं, हे चोरून केलंस?
"चोरून कुठं? तुम्हीच म्हणालात, हवा तो घे."
माझंच वाक्य माझ्यावर. अमरदीप तर रक्ताचा. त्यालाही सांगावंसं वाटलं नाही. उलट म्हणाला, तुमचं पत्र निघणार नाय काका, सोळापैकी पाचच रविवार आलात.

२३ नोव्हेंबर, रविवार
मीटिंग. सुजयनं ठराव वाचून दाखवलान. अक्षर माझं. परीक्षा पास, असंच लिहिलंय. गावात पास एकच. मी म्हटलं, घाईत लिहिला, रद्द करा. एकानंही अनुमोदन दिलं नाही. यातल्या आठ जणांची लग्नं मी लावलीत.
संध्याकाळी स्नेहलचा फोन, आजीला. मला नाही. शेवटी मीच घेतला. म्हणाली, "आजी लावणार ना? मग केतनदादाला नको सांगते. आजोबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसा हां."
म्हणजे केतन गेला. मी म्हणत होतो तेच झालं. तरी जेवण गेलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ७
स्नेहलचं लग्न झालं. पांढरी साडी नेसून जाईबाई माइकपुढं. मी ठरवून बसलो होतो, तिच्यामागून एक शब्द म्हणायचा नाही. पण त्रिशरणाला तोंड आपोआप हललं. ते धरायचं नाही.
मग नवऱ्या मुलाची पाच वचनं. आधी पाली, मग मराठी. केतनसारखंच. चौथ्याला ती थांबली.
"घरातला अधिकार बायकोच्या हाती देईन, असा याचा अर्थ. समजून म्हणा."
बघत होती मुलाकडं. माझ्याकडं नाही.
तीस वर्षं हे वचन मी गावातल्या पोरांकडून म्हणवून घेतलं. स्वतःच्या लग्नात तिच्या शेजारी उभा राहून म्हटलंही होतं.
चाळीस मिनिटं लागली. जेवायला कोणी उठलं नाही. मीही.