उजव्या बाजूला

३ मार्च

चि. बापू यास अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण शिलाई मशीन माझ्याहून जास्त कुरकुरतं. सूनबाईंनी लिहिलं, की आमची साळुंकी सात वर्षांची झाली तरी आपल्या भाषेत पाणीसुद्धा मागत नाही. वाचल्यापासून घास उतरत नाही. नातीला सुट्टीत माझ्याकडे पाठव. दोन महिन्यांत जीभ सरळ करतो. तुझी नाही का केली?

चौकात टोळकी फिरतात, आपल्या भाषेतल्या पाट्या फोडतात. मी दार लावून घेतो.

उत्तर लवकर टाक, टपालवाला मला बघून पळतो. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा बाबा

१४ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

पोरगी येणार नाही. शाळेत आपली भाषा तोंडातून निघाली की मास्तर छडीने फोडायचे. घरी शाळेतली, तिथली भाषा निघाली की तुम्ही, कापड मोजायच्या लाकडी गजाने. पहिलीतली बेडकाची कविता मी आईला म्हणून दाखवत होतो. तुम्ही मागून गज हाणलात. कानातलं रक्त गिऱ्हाइकाच्या कापडावर पडलं, तर तुम्ही आधी कापड उचललंत. माझा डावा कान तेव्हापासून बंद आहे.

तुमची भाषा शिकलो. बघा, एक चूक सापडते का. पण पोरीशी ती बोलायला गेलो की माझाच हात वर जातो. म्हणून बोलत नाही.

दार लावत जा. लोभ आहे, पण तो लांबूनच बरा.

आपला बापू

२ एप्रिल

चि. बापूस आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे. परवा भरदुपारी टोळकं दुकानात घुसलं. मशीन रस्त्यावर आपटलं. माझाच गज उचलून म्हणाले, म्हाताऱ्या, आमची भाषा बोल. चाळीस वर्षांत मी ती मापापुरतीच शिकलो. छाती, कंबर, बाही. भीतीने तेवढंही आठवेना. गज मनगटावर बसला, हाड मोडलं, आणि तोंडून तुझी कविता निघाली. बेडूक तळ्यात उडी मारतो, तिथपर्यंत. पुढचं येईना. तू तिथवर आला होतास, तेवढ्यात मी हाणला होता.

ते हसले. पुढचं म्हण, पुढचं म्हण, म्हणत गज मोडेपर्यंत मारत राहिले. तो मोडायचं काम माझं होतं रे. परक्यांनी केलं.

साळुंकीला पाठवू नकोस. जमलं तर तू ये, आणि पुढची ओळ सांग. मी तुझ्या उजव्या बाजूला बसेन.

बाबा