परळहून राखलेली राई

३ जानेवारी
संकल्प : गावची राई वाचवायची. चुलतभाऊ रघू ती विकायला निघालाय. पुण्याचं गिऱ्हाईक बंगले बांधणार म्हणे. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, सही देणार नाही, असं फोनवर ठणकावलं. जुनं रान राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार आता दरवर्षी अनुदान देतं. म्हणजे काहीही न करण्याबद्दल. माझ्याइतका पात्र माणूस कोकणात नसेल. रघू म्हणाला, दादा, मार्चअखेर थांबतो, मग मात्र सही. बायकोने, बकुळाने विचारलं, राईत शेवटचे कधी गेला होतात? बायकांना तपशील फार लागतात.

१२ जानेवारी, रात्री
ऑनलाइन अर्ज. 'शेतकऱ्याचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव टाइप करताना ऊर भरून आला. पत्ता : तिसरा मजला, परळ. तेवढ्यात साइट बंद पडली. दुसऱ्यांदा भरताना ऊर तितका भरून आला नाही.

१९ जानेवारी
दादरला हॅट घेतली. पर्यावरणवाले घालतात तसली. बकुळा म्हणाली, अंपायर दिसता. दुर्लक्ष.

२ फेब्रुवारी
अर्ज पुढे सरकला! वीस तारखेला मनाली नावाच्या अधिकारी बाई पाहणीला येणार. रघूला बजावलं, गणपतीआधी घर कसं करतो, तशी राई दिसली पाहिजे. सरकारी माणसाला पसारा दाखवायचा नाही. त्याला लगेच पटलं. स्वच्छतेबाबत आमच्या घराण्यात मतभेद नाहीत.

९ फेब्रुवारी
रघूचे फोटो आले. करवंदीच्या जाळ्या, वेली, वारुळं, सगळं साफ. पाचोळा जाळला. मोठी झाडं तेवढी ठेवून बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. डोळे निवले. बकुळा म्हणाली, पोलीस ग्राउंड वाटतंय. कौतुक करायची तिची एक पद्धत आहे.

१५ फेब्रुवारी
वृक्षमहिमा गाणारा संस्कृत अनुष्टुभ श्लोक रचला. लालबागच्या पेंटरला बोर्ड करायला दिला. तो म्हणाला, काका, खाली मराठीत 'कचरा टाकू नये' टाकू का? क्षणभर मोह झाला.

२० फेब्रुवारी
रजा मिळाली नाही. (मागितली नव्हती.) गच्चीवरून, हॅट घालून, व्हिडिओ कॉलवर हजर. मनाली मॅडमनी रघूला विचारलं, राई कुठल्या बाजूला? मी म्हटलं, आपण राईतच उभ्या आहात. त्यांनी बुंध्याच्या चुन्यावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, काका, खालची झुडपं, वेली, पाखरांची घरटी राखायचं अनुदान असतं हे. इथे तर क्रिकेट होईल. हे कुणी करायला लावलं?
रेंज गेली. बहुधा माझ्याच अंगठ्याने.

४ मार्च
अर्ज नामंजूर. 'राखण्याजोगे रान आढळले नाही.' अपील करणार. रान काय, पुन्हा उगवतंच. मॅडमना फोन करून विचारलं, किती दिवसांत? म्हणाल्या, पंधरा-वीस वर्षं धरा. रघूकडे मुदतवाढ मागावी.

३१ मार्च
सकाळीच रघू आला, कोकमं घेऊन. गिऱ्हाईक खूश आहे म्हणाला. जागा आयती साफ मिळाली, दादांना नमस्कार सांगा म्हणाले. रघूनेही आभार मानले. अगदी मनापासून, हेच वाईट. उरलेली झाडं? बंगल्यांच्या आड येतील ती जातील.
सही केली. बकुळा शेजारीच उभी होती. आता काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती चहा ठेवायला आत गेली.