बोडीत पडून न फुटलेले

१७ जाने. ५५
आज पुन्हा फौजेची दोन जेट विमानं, सरावाला. तोफा सुटल्या की कोरं मांजरपाट टराटरा फाडल्यासारखा आवाज, मग टेकडीवरच्या पांढऱ्या निशाणापाशी गोळे फुटतात. काही आखूड पडून थोरल्या बहिणीच्या, बाईच्या गावच्या बोडीत, लहान तळ्यात जातात. आज फाडणं लांबलचक, फुटणं थोडं. बाकीचे गोळे फुटलेच नाहीत.
काडतुसांची रिकामी पितळी टोपणं शेतभर पडतात. ती वितळवून बैलांच्या घंटा ओततो. नाद असा की गोरेगावच्या बाजारात गिऱ्हाईक लांबूनच वळतं. टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलो, आता स्वतःची भट्टी.

९ एप्रिल
बोडी आटली. बाया गाळातली टोपणं काढायला भेतात. म्हटलं, "पाण्यात पडलेला गोळा मेला समजा. बिनधास्त आणा." आणली. मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पितळ हवं होतं.

२ मे
ढिगात एक वेगळंच. लोखंडी, टोकदार, कमरेला तांब्याची पट्टी. सवयीनं त्यावर खिळा वाजवला. टोपण खणखणतं, हे ठप्प. भरलेलं. भट्टीपासून लांब, रेतीत पुरलं.

५ मे, गोंदिया
कचेरीतला बाबू : "निशाण टेकडीवर आहे. बोडीत काही पडतच नाही." म्हटलं, हे बोडीला सांगा.
स्टेशनाबाहेर चहावर एक फौजेतून परतलेला जमादार. "पानी से नहीं मरता, सेठ. नरम में गिरा तो सो जाता है. लोहा लगा तो उठेगा." चहा तसाच राहिला.

६ मे
तडक बाईकडे. उशीर झाला. बोडीचा गाळ खणून डोमाजी भाऊजींनी मोठ्या बांधीत, धानाच्या शेतात पसरलाय. खत म्हणून, दरसालासारखा. गाड्यांवर गाड्या.
"भाऊजी, त्यात जिवंत गोळे असतील. मी बायांना खोटं सांगितलं."
"तेव्हा नाई जी, आता खोटं बोलून राहिले तुम्ही. सारं पितळ एकट्यालेच पायजे काय, साळेबुवा?"
पारावरचे हसले. मीही हसलो असतो. माझा धंदा सगळ्यांना ठाऊक.
बाई हसली नाही. "तुले मालूम नोहोतं भाऊ, तं बायांले कायले धाडलं?"


११ जून
भाऊजींना म्हटलं, माझ्या घरचं धान घ्या, ही एक बांधी यंदा पडीक ठेवा.
"काऊन? आमचे हातपाय मोडले का?"
बरं, नांगरापुढं मी पायानं चाचपत चालतो.
"बैल बुजतीन."
काल बांबूनं बांधीचे तीन कोपरे चाचपले. दोन गोळे निघाले. चौथ्याला भाऊजींनी बांबू हिसकावला, "सरले आता."

१४ जून
सकाळपासून नांगर. मी धुऱ्यावर, शेताच्या कडेला, पेन्सिल घेऊन. काहीतरी करायला हवं हाताला.
तांबड्याच्या गळ्यात मोठी घंटा, पांढऱ्याच्या धाकटी. दोन्ही माझ्याच, याच पितळाच्या. कोपऱ्यावर बैल वळायला थबकतात तेव्हा घंटा थांबतात. तेवढा वेळ मी पेन्सिल उचलून धरतो.
बाई न्याहारी घेऊन त्या टोकाला उभी.
घंटा पुन्हा वाजल्या. निम्मी बांधी बाकी.
तो न चाचपलेला चौथा कोपरा आला.
घंटा थांबल्या