गुळगुळीत गालाची तिसरी परीक्षा

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा, उजळ माथ्याने नाही तरी उजळ गालाने केलेला, शिरसाष्टांग नमस्कार.

नवी कवळी कशी आहे? ताई फोनवर म्हणाली की तुम्ही ती जेवायला बसताना काढून ठेवता आणि जेवण झालं की पुन्हा लावता. (तसं असेल तर दातांच्या डॉक्टरकडे आठ दिवस हेलपाटे कशासाठी घातलेत, हे विचारणं धाकट्याला शोभत नाही, म्हणून विचारत नाही.) ताईचा खांदा आता दुखत नसावा. इकडे सगळं ठीक आहे. ही बरी आहे, मुलगी बरी आहे, आणि गेले तीन महिने घरात जेवताना ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं तो माझा चेहराही बरा आहे. हे पत्र त्याच्याविषयीच आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन ताई उचलते, आणि ताईला एकदा हसू सुटलं की पुढचं काही ऐकूनच घेत नाही.

तुम्ही कवळीसाठी आमच्याकडे आठ दिवस राहिलात, पण तुम्ही बोलता कमी आणि मी बोलतो ते नको तेच, त्यामुळे मूळ भानगड सांगायची राहून गेली. आमच्या कारखान्यात बसगाड्या रंगवतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात दोन जाती: एक घासकामवाले आणि एक रंगाच्या खोलीतले. घासकामवाल्याने पत्र्यावर पुट्टी भरायची आणि दिवसभर पॉलिश पेपरने घासत बसायचं. संध्याकाळी नाकातून जे निघतं त्यावरून आज कुठल्या बसचं काम झालं ते सांगता येतं. मी सात वर्षं घासलं. मग लंबूने (आमचा सगळ्यात जुना रंगारी, उंची दारात न मावणारी) माझ्या हातात स्प्रेगन दिली. माझं मनगट धरून त्याने मला ती चालवायला शिकवली. आज चार वर्षं मी आत आहे. दाजी, एक अख्खी बस एका दमात, एकही ओघळ न येता रंगवली की जे वाटतं, ते मला पगाराच्या दिवशीही वाटत नाही. हे तुम्ही समजाल. दुरुस्तीला आलेलं बंद घड्याळ तुमच्या हातात टिकटिकायला लागलं की तुमचा चेहराही तसाच होत असणार.

तर मध्यंतरी लंबूच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. इतकी वर्षं आम्ही तोंडाला फडकं बांधून काम करत होतो. मग कंपनी जागी झाली, रबरी मास्क आले, आणि मास्कांच्या पाठोपाठ एक सुरक्षा अधिकारी आले. मास्कची अट एकच: त्याची कड गालाला घट्ट बसली पाहिजे. मधे दाढीचे खुंट आले की वाफ आत. लग्नापासून जपलेली माझी दाढी एका दिवसात गेली. (मुलगी मला ओळखेना. हिने ओळखलं, पण ओळखून तिला आनंद झाल्याचं दिसलं नाही.) आता हे अधिकारी दर सोमवारी थोड्या जणांची परीक्षा घेतात; एकेकाची पाळी महिन्याने येते. मास्क लावायचा, वरून डोक्यावर पारदर्शक टोपडं घालायचं, आणि ते त्या टोपड्यात कसलंसं कडूजहर औषध फवारतात. आपण मान डावी-उजवी, वर-खाली करायची आणि सुरक्षेचं पत्रक मोठ्याने वाचायचं. कडू लागलं तर मास्क गळतोय. म्हणून त्यांचं नाव कडूमास्तर. तीनदा कडू लागलं की रंगाच्या खोलीतून बाहेर, कायमचं घासकामाला.

आता माझी कातडी. वडिलांकडून मला काही मिळालं असेल तर ते एवढंच. पातं लावलं की पुरळ, पुरळ आलं की दोन दिवस पातं लावता येत नाही, दोन दिवस लावलं नाही की खुंट, आणि खुंट वाढले की कडू. या फेऱ्यात मी पहिल्या पाळीला नापास झालो. (लागलं तरी नाही म्हणायचं, असं ठरवून गेलो होतो. पण ते औषध असं आहे की जीभ नाही म्हणते आणि डोळ्यांतून पाणी येतं.) मी सगळा दोष क्रीमला दिला. कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरव्या टोपणाची, सगळ्यात स्वस्त ट्यूब आणली होती. स्वस्त ती गळ्याशी येणारच, असं म्हणून ती मोरीत फेकली. मग फवाऱ्याचा डबा आणला. तो मला फार आवडला, कारण बटण दाबलं की हात सवयीने फिरला आणि दोन्ही गाल, मान, एक कान आणि आरशाचा खालचा भाग एकसारखा रंगवून झाला. पुरळ मात्र तसंच. मग निळं जेल आणलं. त्याने पुरळाला नुसती थंडी वाजली. दुसऱ्या पाळीला पुन्हा कडू. शेवटी कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दिलेल्या ट्यूबचं टोपण ट्यूबपेक्षा मोठं होतं. किंमत ऐकल्यावर हिने ती दागिन्यांच्या डब्यात ठेवली आणि रोज सकाळी कुलूप उघडून वाटाण्याएवढी माझ्या बोटावर द्यायला लागली. कातडीला महाग-स्वस्त काही कळत नव्हतं. ही म्हणाली की आता एखादी बस विकूनच क्रीम आणावं लागेल.

अशा वेळी तुम्ही आलात. तेव्हा माझी तिसरी परीक्षा पाच दिवसांवर होती, आणि तुम्ही सकाळी दाढीला म्हणून मोरीत गेलात की पाऊण तास बाहेर येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर उभा राहून हिला म्हणालो की दाजी आत दाढी करताहेत की घड्याळ खोलून बसलेत? ते तुम्हाला ऐकू गेलं असणार. (ही म्हणते, खालच्या मजल्यावरही गेलं.) मी ते चिडून बोललो, आणि ते बोलायला नको होतं. मला माफ करा.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दार उघडं टाकून गालांना लागलो होतो, आणि तुम्ही कवळीची वाटी न्यायला आत आलात. माझं माझ्या पद्धतीने चाललं होतं. आधी कारखान्यातल्या हात धुवायच्या साबणाने गालाचं सगळं तेल काढलं. मग खरखरीत टॉवेलने घासून गाल खणखणीत कोरडे केले. मग क्रीमचा पातळसा पहिला हात मारला आणि हात मागे बांधून उभा राहिलो.  तुम्ही विचारलंत, ‘अरे, थांबलास कशाला?’ मी म्हटलं, ‘पहिला हात सुकतोय. सुकला की दुसरा.’ आणि पुढे हेही सांगितलं की दोन्ही हात सुकले की आधी उभं आणि मग आडवं घासून काढायचं, म्हणजे ओरखडा राहत नाही.

दाजी, कवळीशिवाय तुम्ही जे म्हणालात त्यातले अर्धे शब्द हवेतच गेले, पण उरले ते मला पुरले. ‘अरे बाबा, गाल आहे तो, पत्रा नाही.’

मग तुम्ही मला स्टुलावर बसवलंत. गालावरचा तो पहिला हात धुवून टाकलात. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायला लावलंत. (मी पाच मिनिटं गप्प बसलो, हे ही अजून शेजाऱ्यांना सांगते.) क्रीम मागितलंत तेव्हा दागिन्यांचा डबा उघडण्याआधीच तुम्हाला मोरीतली हिरव्या टोपणाची ट्यूब दिसली; त्या क्रीमने ही आरसा पुसायची. तुम्ही तीच घेतलीत. ओल्या गालावर तुमच्या ब्रशाने फेस केलात, आणि पातं लावण्याआधी बोटांनी चाचपून मला दाखवलंत की केस कुठे कुठल्या दिशेने निजलेत. माझे हनुवटीखालचे केस आडवे निजतात. छत्तीस वर्षं मी या हनुवटीबरोबर राहतोय, मला पत्ता नव्हता. तुम्ही माझी हनुवटी दोन बोटांत धरलीत, घड्याळाची चकती धरावी तशी, आणि निजलेल्या केसांना न उठवता पातं फिरवलंत. लहानपणी भांग पाडताना आई तशी हनुवटी धरायची. त्यानंतर कोणी धरली नव्हती. माझे डोळे भरले तेव्हा फेस गेला असं मी म्हणालो. ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी पुरळ नाही. तिसऱ्या दिवशी नाही. रोज सकाळी मी स्टुलावर आणि तुम्ही समोर. चौथ्या दिवशी पातं माझ्या हातात आणि तुम्ही नुसते शेजारी. सोमवारी टोपड्यात शिरलो. कडूमास्तरांनी फवारलं. मी पत्रक वाचलं, मान फिरवली. काही नाही. त्यांना पटेना, आणखी दोनदा फवारलं. जिभेला कसलीच चव न लागल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. दुपारी मी एक बस रंगवली आणि एकही ओघळ आला नाही.

माझी जागा राहिली, दाजी, ती तुमच्यामुळे. मी मोरीत फेकलेल्या ट्यूबसाठी तुमचे आभार मानतोय, तेव्हा हसू नका. आणि त्या पाऊण तासाबद्दल यापुढे माझ्या तोंडून एक शब्द निघाला तर ताईने माझा कान धरावा.

ताईला नमस्कार. तुमच्या कवळीला यश.

तुमचा गुळगुळीत मेव्हणा

ता.क. एक गोष्ट सांगायची राहिली. पास झाल्यावर सगळे रंगारी माझ्याभोवती जमले, कारण आणखी दोघं दोनदा नापास झालेत आणि त्यांतला एक लंबू आहे. कडूमास्तरांनी विचारलं की हे जमवलं कसं. माझी छाती फुगलेली होती. मी म्हणालो, स्वतःचा अभ्यास. आता त्यांनी येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी माझं प्रात्यक्षिक ठेवलंय. काल सरावासाठी लंबूला बसवला. त्याच्या हनुवटीवर आता दोन पट्ट्या आहेत. माझ्या हाताला गन कळते, दुसऱ्याची हनुवटी कळत नाही. तेव्हा तुम्ही आदल्या दिवशी यावं, आणि तिथे सहज आल्यासारखं माझ्या शेजारी उभं राहून हळूच सांगत जावं. बस.

ता.क. दुसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवलं आणि फाडलं. आज दुपारी डबा खाताना मी सगळ्यांना खरं सांगितलं: दोन हात, सुकवणं, आडवं-उभं, सगळं. पहिल्यांदा लंबू हसला, मग त्याला खोकला आला, आणि मग कोणीच हसलं नाही. कडूमास्तर म्हणाले, दाजींनाच आणा. म्हणजे माझी अब्रू राखायला तुम्ही यायची गरज आता उरलेली नाही. पण त्याच सोमवारी अकरा वाजता लंबूची तिसरी परीक्षा आहे. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, ‘तुझे दाजी खरंच येतील का रे?’ मी हो म्हणून बसलोय. या.