मिस्त्रींच्या नावावर बाईंचे कान

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला
(लिफ्ट बंद असल्याने जिन्याने)

विषय : ऐकू न येणाऱ्या रुग्णास कान विभागात तोंडी पुकारून गैरहजर ठरवल्याबद्दल, भलत्याच व्यक्तीचे कान तपासून त्याला ठणठणीत ठरवल्याबद्दल, आणि त्याबाबतची तक्रार त्यालाच फोन लावून निकाली काढल्याबद्दल.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : "रुग्णाशी दूरध्वनीवर संपर्क साधला असता त्यांनी कोणतीही तक्रार सांगितली नाही. सबब प्रकरण निकाली."

महोदय,

१. अर्जदार ही सदर रुग्णाची पत्नी असून तिचा टंकलेखन व झेरॉक्सचा व्यवसाय आहे. लोकांचे अर्ज टंकण्यातच तिचे केस पिकले. त्यामुळे "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" या वाक्याचा अर्थ तिला समजावून सांगण्याची तसदी कोणी घेऊ नये. 'कृपया' हा शब्द तिने दुसऱ्यांसाठी इतका वापरला आहे की स्वतःच्या अर्जासाठी तो शिल्लक राहिलेला नाही. पहिल्या अर्जात होता नव्हता तेवढा घातला होता.

२. अर्जदाराच्या पतीस सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून या अर्जातही तेच म्हटले आहे. ते कारखान्यात पंप आणि मोटारी दुरुस्त करतात. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालू मोटारीला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतले बेअरिंग काय म्हणते ते ऐकायचे, ही त्यांची कामाची रीत. त्यांचा डावा कान कारखान्याच्या आवाजात पूर्वीच गेला होता. उजव्यावर घर चालत होते. एके दिवशी सकाळी उठून त्यांनी अर्जदाराला विचारले, "लाइट गेली का?" अर्जदार म्हणाली, नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारले. मग त्यांनी वर पाहिले, तर पंखा फिरत होता. नळही चालू होता. मिस्त्री पंख्याकडे बघत पलंगावर बसून राहिले.

३. गल्लीतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "असा अचानक गेलेला कान लगेच औषध मिळालं तर परत येऊ शकतो. उशीर झाला तर नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, आजच्या आज न्या." अर्जदार मिस्त्रींना घेऊन त्याच दिवशी आपल्या रुग्णालयात आली. म्हणजे उशीर कोणाकडून झाला, हा प्रश्न आपल्या कार्यालयाने कृपा करून अर्जदारापुढे ठेवू नये. (हा शब्द चुकून आला. खोडण्यास वेळ नाही.)

४. आता आपल्या कान विभागाची पद्धत. तपासणीचे शुल्क समोरच्या इमारतीत, पटांगण ओलांडून, आगाऊ भरावे लागते. मिस्त्री स्वतः गेले असता, काचेच्या भोकातून खिडकीवरचा लिपिक काय बोलतो ते त्यांना कळेना, म्हणून "सोबत कुणाला तरी घेऊन या" असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. मग अर्जदार गेली. पैसे भरल्याची नोंद संगणकात होते, त्याच क्षणी रुग्णाचे नाव कान विभागाच्या दारावरील शिपायाकडे पोहोचते. ही एकच गोष्ट आपल्याकडे वेळेवर होते. अर्जदार पटांगणात असतानाच शिपाई नाव तीनदा पुकारतो, मिस्त्री पुढ्यात बसलेले असतात, आणि कागदावर शेरा पडतो : गैरहजर. शेजारी बसलेल्यांना सांगून ठेवावे, तर तेही त्याच दुखण्याचे. मिस्त्रींना खिडकीपर्यंत बरोबर नेऊन पाहिले, तर दोघेही गैरहजर. नुसते खांद्याला हात लावून उठवा, एवढी विनंती शिपायाला केली, तर तो म्हणाला, "ताई, मी कुणाकुणाला हात लावत फिरू? मला पुकारायचं काम आहे." असे तीनदा झाले. प्रत्येक वेळी गैरहजेरीचे वेगळे शुल्क आणि पुढची तारीख. येण्याचेही पैसे आणि न येण्याचेही, असा धंदा अर्जदाराला माहीत असता तर तिने झेरॉक्सचे यंत्र घेतले नसते.

५. कान विभागात नंबर दाखवणारा फलक का नाही, असे विचारल्यावर समजले की रुग्णालयाकडे असा फलक आहे, लाल आकड्यांचा, चांगला मोठा. तो शेजारच्या डोळे विभागात लावलेला आहे. तिथे रुग्णांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बसवून ठेवतात. थेंबांमुळे समोरची भिंतसुद्धा धड दिसत नाही, मग आकडे कुठले? त्या विभागात तोंडी पुकारा बंद केला आहे, कारण फलक आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना पुकारायचे आणि ज्यांना दिसत नाही त्यांना आकडे दाखवायचे, ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली त्या अधिकाऱ्याचे दर्शन घेण्याची अर्जदाराची इच्छा आहे. फलक या बाजूला आणा, असे सुचवले तेव्हा भांडारपालांनी सांगितले की तो डोळे विभागाच्या नावावर आहे, आणि नाव बदलायचे तर तो आधी निकामी ठरावा लागेल.

६. डोळे विभागात एक निवृत्त शिक्षिका मोतीबिंदूसाठी येत असत. सोबत कोणी नाही. त्यांचाही नंबर दोनदा लागून गेला होता. दोन्ही विभागांच्या मध्ये एक दार आहे. अर्जदाराने तोडगा काढला : बाईंनी दाराच्या अलीकडे, कान विभागात बसून मिस्त्रींचे नाव ऐकायचे, मिस्त्रींनी पलीकडे बसून बाईंचा नंबर बघायचा. ज्याची पाळी येईल त्याला दुसऱ्याने उठवायचे. कागदही एकमेकांकडे दिले. आपल्या रुग्णालयात त्या दिवशी एवढी एकच व्यवस्था अकलेने केलेली होती, आणि ती रुग्णांनी केलेली होती. अर्जदार निर्धास्तपणे पैसे भरायला गेली.

७. चूक झाली ती बाईंची, आणि ती बाईच करू जाणोत. त्यांनी जन्मभर वर्गात हजेरी घेतली. शिपायाने मिस्त्रींचे नाव पुकारताच त्यांना पहिल्यांदा काय आठवले असेल तर ते उत्तर. त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हजर!" लगेच त्यांच्या लक्षात आले, पण शिपायाने दंड धरला होता. "अहो, मी नव्हे," असे त्या सांगू लागल्या, तर "जे काय ते आत सांगा." आत तंत्रज्ञाने मान वर केली नाही. बाई म्हणाल्या, "मला दिसत नाहीये हो." तो म्हणाला, "इथं दिसायचं काम नाही. हे कानाला लावा, आवाज आला की बटण दाबा." रुग्णालय आहे, काही नियम असेल, शस्त्रक्रियेआधी सगळेच तपासत असतील, असे समजून बाईंनी प्रत्येक आवाजाला इमानेइतबारे बटण दाबले. शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारे कान ते. अहवाल निघाला : मिस्त्रींचे नाव, लिंग पुरुष, दोन्ही कानांची श्रवणशक्ती उत्तम. बाईंनी नेसलेली साडीही तंत्रज्ञाला दिसली नाही, त्याअर्थी त्याचे नाव डोळे विभागात नोंदवावे. तिकडे पलीकडे बाईंचा नंबर लागला, मिस्त्री त्यांना उठवायला दाराशी आले, तर बाई नाहीत. बाई गैरहजर. त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि त्या अजूनही भिंत धरून चालतात. अर्जदार त्यांना दोष देत नाही. उलट, तो तोडगा आपलाच होता हे अर्जदाराला रोज टोचते.

८. अर्जदार मिस्त्रींना घेऊन धावत कान विभागाच्या डॉक्टरांकडे गेली आणि झालेला घोटाळा सांगितला. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, मिस्त्रींना नाही. म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. बायको बोलायला लागली की बऱ्याच नवऱ्यांना ऐकू येत नाही, त्याला औषध नसतं." आसपासचे कर्मचारी हसले. मिस्त्रीही हसले, कारण सगळे हसत होते. ते पाहून अर्जदाराने टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलून मिस्त्रींच्या पाठीमागे फरशीवर आपटला. आवाज पटांगणापर्यंत गेला. दचकले ते फक्त डॉक्टर. मिस्त्री तसेच हसऱ्या तोंडाने उभे होते. यापेक्षा चांगली चाचणी आपल्या रुग्णालयात आजवर झालेली नाही, परंतु तिचा अहवाल निघाला नाही. बिल निघाले : साहित्याचे नुकसान, ट्रे एक. उत्तम असा अहवाल असताना सहा महिने फेरतपासणी करता येत नाही, असा नियम दाखवून औषध नाकारण्यात आले. त्याच अहवालामुळे बहिरेपणाचा दाखला मिळत नाही, आणि कारखान्यातून लेखी विचारणा झाली आहे की, मिस्त्री सूचना ऐकून न ऐकल्यासारखे का करतात. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनीच गोळ्या दिल्या. देताना ते अर्जदाराच्या नजरेला नजर देत नव्हते. वेळ निघून गेली आहे, असे त्यांनी सांगितले.

९. राहता राहिला आपला फोन. आपल्या कार्यालयातून तो आला तेव्हा अर्जदार घरी नव्हती. ती कुठे होती? आपल्याच खिडकीवर, त्या ट्रेचे पैसे भरत होती, कारण ते भरल्याशिवाय चुकीच्या अहवालाचीसुद्धा प्रत मिळत नाही. मिस्त्री घरात एकटे होते. टेबलावर फोन थरथरला, शेजारचा पेला हलला, म्हणून त्यांनी तो उचलला. अर्जदार परत आली तेव्हा फोन केव्हाच बंद झालेला होता आणि मिस्त्री अजून तो कानामागच्या हाडाला घट्ट दाबून, डोळे मिटून बसले होते. मोटारीपाशी बसत तसेच. अर्जदाराने खांद्याला हात लावताच त्यांनी बोट ओठांवर ठेवले आणि म्हणाले, "थांब जरा. काहीतरी येतंय." आपल्या कार्यालयाने "कोणतीही तक्रार सांगितली नाही" असे ज्याला म्हटले आहे, ते हे होते. ते गप्प होते कारण ते ऐकायचा प्रयत्न करत होते. अर्जदार तशीच उभी राहिली. तिला त्यांच्या हातातून फोन काढून घेववेना.

१०. सबब मागण्या पुढीलप्रमाणे : सदर अहवाल रद्द करून तो चूक असल्याचे लेखी द्यावे. मिस्त्रींना बहिरेपणाचा दाखला द्यावा, कारण तो बहिरेपणा त्यांना आपल्या रुग्णालयानेच मिळवून दिला आहे. बाईंची शस्त्रक्रिया आधीच्याच तारखेचा क्रम धरून करावी. फलक या भिंतीवरून त्या भिंतीवर न्यावा. खिळे आणि मिस्त्री अर्जदार पुरवेल. पुढे अचानक कान गेलेला जो कोणी येईल त्याला दारातच हात लावून उठवावे. त्याच्याकडे वेळ थोडा असतो. "योग्य ती कार्यवाही" करू नये, वरील कार्यवाही करावी.

पुन्हा चौकशी करायची झाल्यास फोन करू नये, माणूस पाठवावा. त्या माणसाने दार वाजवण्याची गरज नाही. दार दिवसभर उघडेच असते. मिस्त्री एकटे असले की ते दाराकडे तोंड करून बसतात.

पहिल्या अर्जापर्यंत आपली नम्र असलेली,

सही/-
अर्जदार (मिस्त्रींची पत्नी)
दिनांक : आपण आवक शिक्का माराल तो

सोबत :
१) बाईंच्या कानांचा अहवाल, मिस्त्रींच्या नावे (झेरॉक्स, मूळ प्रत मागू नये).
२) गैरहजेरीच्या तीन पावत्या व ट्रेची एक.
३) बाईंचे निवेदन. अर्जदाराने टंकून त्यांना वाचून दाखवले आहे. सही ओळीच्या वर गेली आहे, ती त्यांचीच.
४) आपले "प्रकरण निकाली" हे पत्र, परत.