शिलाई मशीन कुणाला आणि मुळा कुणी शिवायचा

मी, तोकिए हामागुची, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय किमोनो शिवणे (आता बंद) आणि नवऱ्याला शिस्त लावणे (अजून चालू), राहणार मात्सुसाका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि अर्ध्या दृष्टीत लिहीत आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. उलट लिहू नये म्हणून घरातल्या सगळ्यांनी आणलं, आणि मी ते जुमानलं नाही.

कारण असं की सोमवारी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. डावा आधीच कामातून गेला आहे. माझा मुलगा कोसुके म्हणतो, "आई, अर्ध्या तासाचं काम आहे ते. चहाच्या वेळेला घरी असशील. मोतीबिंदूसाठी मृत्युपत्र करतं का कुणी?" मी म्हटलं, "बाबा रे, माझा मामा दात काढायला गेला होता, तो दुसरी बायको घेऊन परत आला. माणूस घराबाहेर पडलं की काय होईल सांगता येत नाही."

माझी मुलगी चिज़ुरु नागोयाला एका वकिलाच्या कचेरीत आहे. तिने फोनवर सांगितलं की हाताने लिही, तारीख घाल, शिक्का मार, बास. साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदार नसलेल्या कामात मला रस नाही. ते मी बोलावणार आहे.

आणखी एक खुलासा. डोळ्यांमुळे मला अक्षरं संत्र्याएवढी काढावी लागतात. त्यामुळे मी जे लिहिते ते माझे यजमान सादाओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून वाचतात आणि मध्येमध्ये तोंड घालतात. त्यांचं बोलणंही मी इथे उतरवून ठेवते, म्हणजे मागाहून 'मी असं म्हणालोच नव्हतो' नको.

कलम एक, घर. हे घर यजमानांनी स्वतःच्या हाताने बांधलं, ते त्यांच्याच नावावर आहे, तेव्हा त्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. फक्त शिवणाच्या खोलीत कोणी अनवाणी शिरू नये. तिथल्या चटईत माझ्या उभ्या हयातीच्या टाचण्या आहेत.

"उभ्या हयातीत चटई झाडली नाहीस, तेही लिही," यजमान म्हणाले. लिहिलं.

कलम दोन, पोस्टातली शिल्लक. दोन्ही मुलांना सारखी. भांडावं इतकी ती नाही.

कलम तीन, मोजपट्ट्या. हे कलम जरा लांब होईल.

चिज़ुरुला बालवाडीत घातलं तेव्हा हिनागिकु बालवाडीने एक कागद दिला होता. पुस्तकांची पिशवी, बुटांची पिशवी, पेल्याची पिशवी, दुपारच्या झोपेच्या गादीची पिशवी, डब्याचा रुमाल. सगळं आईच्या हातचं हवं, आणि प्रत्येकाची लांबी-रुंदी अमुक इतके सेंटिमीटर. मी किमोनो शिवणारी. माझा हात देवमाशाच्या पट्टीवर बसलेला. आमच्या गुरुबाई सांगायच्या की ही पट्टी पूर्वी देवमाशाच्या मिशीची करत, म्हणून तिला हे नाव. सेंटिमीटर मला कळत नव्हते. यजमान सुतार. ते म्हणाले, "दे इकडे, मी माप काढून देतो," आणि त्यांनी ऐटीत सगळं शाकूमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या फुटात, काढून दिलं. मी त्याबरहुकूम कापड बेतलं.

आता सुताराचा शाकू वेगळा आणि शिंपिणीचा शाकू वेगळा, आमचा चांगला सव्वापट मोठा. हे लहान पोरालाही माहीत असतं. आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण आपलं तेच खरं माप अशी दोघांची इतकी खात्री होती की विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पहिल्या दिवशी चिज़ुरु निघाली तेव्हा लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पिशवी एकटीच शाळेत चालली आहे. गादीच्या पिशवीत गादी घालून आणखी ती स्वतः आणि तिची मैत्रीण मावत. मुख्याध्यापिका फार सभ्य बाई. म्हणाल्या, "अहाहा, काय सढळ हात आहे!" माझ्या नणंदेने, म्हणजे किनुको वन्संनी, मात्र फाटकातच विचारलं, "तोकिए, शाळेत पाठवतेस पोरीला की घर बदलायला?"

त्या दिवसापासून चूक कुणाची हा वाद या घरात चालू आहे.

"माप म्हणजे सुताराचं," यजमान आत्ताही म्हणाले. "घर चुकलं तर डोक्यावर पडतं. पिशवी चुकली तर काय होतं?"

"घरात मुलगी राहते. पिशवी घेऊन तिला जगात जावं लागतं," मी म्हटलं.

सबब, देवमाशाची पट्टी चिज़ुरुला आणि सुताराचा काटकोन कोसुकेला. दोन्ही वस्तू एका खणात ठेवू नयेत.

कलम चार, भूकंपाची टोपी. शाळेत प्रत्येक मुलाच्या खुर्चीवर कापूस भरलेली टोपी असते. एरवी तिच्यावर बसायचं, जमीन हलली की डोक्यावर ओढायची. कोसुकेच्या टोपीत मी जुन्या गादीचा इतका कापूस ठासला की सरावाच्या दिवशी सगळा वर्ग मैदानात रांगेत उभा आणि हा टेबलाखाली टोपी ओढून घोरतोय. बाईंनी चिठ्ठी पाठवली. मी ती कौतुकाची समजून देवघरात ठेवली. ती टोपी कोसुकेलाच. नाहीतरी तो गाडी चालवताना कंबरेमागे घेतो.

कलम पाच, सुया. मोडलेल्या सुया डब्यात आहेत. दर फेब्रुवारीत आपण त्या देवळात नेऊन मऊ तोफूमध्ये टोचतो, कारण बिचाऱ्या जन्मभर जाड कापडात घुसत आल्या. शेवटी तरी त्यांना काहीतरी मऊ मिळावं. माझ्या पश्चात हे कोणीतरी करावं. तोफू कात्सुमीच्या दुकानातूनच घ्यावा. इतरांचा पाणचट असतो.

कलम सहा, शिलाई मशीन. खरं म्हणजे मृत्युपत्र मी याच कलमासाठी लिहायला घेतलं.

हे मशीन माझ्या आईने लग्नात दिलं. दोन मुलांच्या सगळ्या पिशव्या, डगले, नाटकातले पोशाख (कोसुके एकदा झाड झाला होता आणि एकदा दगड) त्यावर झाले. वन्संचा या मशीनवर पहिल्या दिवसापासून डोळा आहे. मी मेल्याशिवाय वन्संचा हात त्याला लागणार नाही, असं मी नेहमी म्हणत आले. आता मृत्युपत्र उघडेल तेव्हा नेमकी तीच वेळ आलेली असेल, म्हणून खुलासा करते: मेल्यावरही नाही.

एप्रिलमध्ये कोसुकेची मुलगी मिओरी बालवाडीत जाणार. तीच बालवाडी, तसाच कागद. सूनबाई रिए दिवसभर दातांच्या दवाखान्यात राबते; तिला सुई फक्त हिरडीत टोचायची माहीत. ती म्हणाली, "आई, राग मानू नका, पण फोनवर मागवलं तर चार दिवसांत येतं हो. तेही हातानेच शिवलेलं असतं."

"कोणाच्या हाताने?"

"हिरोशिमाच्या एका बाई आहेत."

"मग पोरीला त्यांनाच आजी म्हणायला शिकव," मी म्हटलं. आणि त्याच तावात मिओरीला शब्द देऊन बसले की पहिल्या दिवशी तुझ्या खांद्याला आजीनेच शिवलेली पिशवी लागेल, आणि तू म्हणशील ते चित्र तिच्यावर असेल.

बाकीच्या मुली ससा मागतात. आमच्या रत्नाने मुळा मागितला. पाय असलेला.

मी मुळा शिवला. पांढरं लांबट अंग, खाली दोन पाय, डोक्यावर हिरवा तुरा. डोळ्यांपुढे तेव्हा धुकं होतं, पण हाताला सवय आहे म्हटलं, जमेल. मिओरीने पिशवी हातात घेतली, पुष्कळ वेळ पाहिली आणि विचारलं, "आजी, हे आजोबा आहेत ना? आंघोळीला चाललेत?"

यजमान हसता हसता चटईवर आडवे झाले आणि टाचणी लागून उठले. मीही हसले. मग माजघरात जाऊन बसले आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पोरीने नाव ठेवलं म्हणून नाही. मुलं खरंच बोलतात. पण आपल्या हाताने काय शिवलं हे आपल्यालाच दिसू नये, हे मला सोसवलं नाही. मरणाची मला भीती नाही. सोमवारी नजर परत आलीच नाही तर काय, याची आहे, आणि ती मी इथे लिहून ठेवते कारण तोंडाने कुणाला सांगणार नाही.

"मी वाचतोय," यजमान म्हणाले.

वाचा.

सबब, जो कोणी तो मुळा उसवून नीट लावील आणि एप्रिलच्या आत पिशवी पुरी करील, त्याला हे मशीन मिळेल. हे लिहिल्यावर मी एकेकाचा विचार केला. चिज़ुरुने शाळेत शिवणाच्या तासाला एप्रन शिवला तो अंगातल्या स्कर्टसकट. संध्याकाळी एप्रन घालूनच घरी आली, कारण काढता येईना. कोसुके चित्र डिंकाने चिकटवील. रिएला वेळ नाही. वन्संबद्दल वर लिहिलंच आहे.

म्हणजे कोणीच नाही. निदान काम कुठवर आलं आहे ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून मी पिशवी मांडीवर घेतली आणि बोटांनी मुळा चाचपायला लागले.

तो माझा मुळा नव्हता.

टाके माझे नव्हते. बारीक, एकसारखे, एका रेघेत, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक जादा टाका. जिथे शिंपी कधी घालत नाही पण सुतार जिथे खिळा मारतो तिथे. कापडही माझं नव्हतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, चांगल्या प्रतीचं सुती.

"अहो, हा मुळा कोणी शिवला?"

"कोण जाणे."

"अहो."

"तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होतीस तेव्हा," ते म्हणाले. "तीन-चार खेपा गेलीस ना. तेवढ्यात झाला."

"सुई कोणी ओवून दिली?"

"मीच. एक अख्खी दुपार त्यातच गेली. तुम्ही बायका हे रोज कसं करता?"

"आणि मला सांगितलं का नाही?"

"तू जेवत नव्हतीस," ते म्हणाले. "मला ते बघवेना. आणि सांगितलं असतं तर तू उसवलं असतंस."

उसवलं असतंच. मग मी विचारलं, "कापड कुठून आणलंत?"

"होतं कुठेतरी," म्हणाले आणि चहा करायला उठले. या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःहून चहा केलेला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

म्हणून वरचं 'जो कोणी' हे वाक्य खोडून, खोडल्याची नोंद करून आणि तिथे शिक्का मारून असं ठरवते: शिलाई मशीन माझ्या पश्चात माझे यजमान सादाओ यांना. तोवर आम्हा दोघांचं. नजर आली तर मी शिवीन. नाही आली तर ते शिवतील आणि मी शेजारी बसून चुका काढीन. त्याला डोळे लागत नाहीत.

रविवारी सह्या व्हायच्या होत्या, पण वन्संचे गुडघे दुखत होते म्हणून राहिल्या. त्यामुळे पुढचं कलम वाढवता आलं.

कलम सात, शस्त्रक्रियेनंतरचं. पट्टी निघाली. नजर आली. पहिल्यांदा यजमान दिसले. हे इतके म्हातारे कधी झाले, असं वाटलं. त्यांना माझ्याबद्दल तसं वाटून बरीच वर्षं झाली असतील, पण माणूस कधी बोलला नाही. मग पिशवी पाहिली. मुळा उत्तम आहे. मिओरीने त्याला ओळखलं, मिठी मारली आणि त्याचं नावही ठेवलं, ते मात्र ती कुणाला सांगत नाही.

उद्या तिचा बालवाडी प्रवेशाचा समारंभ. यजमानांकडे अशा दिवसाला घालायचा एकच चांगला पांढरा शर्ट आहे. तो इस्त्रीला काढला आणि उलगडून उजेडात धरला. पाठीला भोक. लांबट, वर तुरा, खाली दोन पाय.

"अहो, हे काय!"

"तुझ्या कापडाच्या पेटीला कुलूप होतं," ते म्हणाले.

"मग पाठच का कापलीत?"

"पुढून दिसलं असतं."

"आणि उद्या काय घालणार?"

"तोच. वर कोट."

"सभागृहात उकडून मराल!"

"कोट काढणार नाही," ते म्हणाले. "तू पोरीला शब्द दिला होतास ना? मग."

मी शर्टाला इस्त्री केली, भोकाच्या कडा सुटू नयेत म्हणून सगळीकडून बारीक टीप मारली, आणि हे लिहायला बसले.

तरी माझ्या मुलांनो, इतर कलमांचं तुम्ही काय वाटेल ते करा, पण हे पाळा. तो शर्ट कोणालाही द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि त्याचं भोक बुजवायचं नाही. मी गेले की माझ्या अंगावर कुठलंही रेशीम घालू नका. हा शर्ट घाला, आणि त्यातच मला जाऊ द्या.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, आणि यजमानांनी मोठ्याने वाचून दाखवल्यावर पुन्हा ऐकून, मी सही-शिक्का करते.

तोकिए हामागुची (शिक्का)

मात्सुसाका, रेइवा सातवे वर्ष, ६ एप्रिल

साक्षीदार. ज्याला काही मिळणार तो साक्षीदार चालत नाही असं चिज़ुरु म्हणते, म्हणून ज्यांना मी काहीच ठेवलेलं नाही असे दोघे बोलावले:

१. कात्सुमी ओकुयामा, तोफूवाले. (तोफूच्या कलमाबद्दल आभारी आहे.)

२. किनुको हामागुची, नणंद. (सगळं वाचलं. मशीन मला नकोच होतं. शर्टाचं कलम दोनदा वाचलं. तोकिए, उद्या सभागृहात मी सादाओच्या मागच्या खुर्चीवर बसते. कोट सरकला तर मी आहे.)