विहिरीतला बद्द आवाज

आबा, तुम्ही बारा वर्षं जिथे कोळसा काढला ती चांद्याकडची खाण मी कधी पाहिली नाही. तुमच्या नातीनं मला दाखवली ती दुसरीच, इंग्लंडातली. ती तिकडे नर्स आहे, महिनाभर मला घेऊन गेली होती. ती जुनी खाण कधीच बंद पडली आहे, आता लोक ती बघायला खाली उतरतात. आजोबांचं काम आईला कळेल, असं पोरीला वाटलं.

उतरण्याआधी डोक्यावर टोप चढवला, दिवा दिला आणि हातातलं घड्याळ काढून घेतलं. त्यातल्या सेलची ठिणगीसुद्धा खाली चालत नाही म्हणे. पुढे चालून माहिती सांगणारा म्हातारा पूर्वी तिथेच कामाला होता. त्याच्या कपाळावर निळा डाग होता, जखमेत कोळशाची पूड राहून झालेला, तुमच्या भुवईवर होता तसाच. एका जागी त्यानं सगळ्यांना थांबवलं आणि काठीनं वरचं छत ठोकलं. खणखणीत वाजलं. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा ठोकलं. बद्द वाजलं. लेक मला मराठीत सांगायला लागली, तिला मी हातानंच गप्प केलं.

तुम्ही अवसरीला आमच्याकडे चार दिवस राहायला आला होता. जाल तिथे काठीनं ठोकायची तुमची सवय काही सुटली नव्हती. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पावणं आल्यापास्नं भिंती ठोकत्यात. घर इकत घ्यायचं हाय का काय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला आमची विहीर दाखवायला नेते. पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढून ती आणखी खोल करायचं ह्यांनी ठरवलेलं आहे. तुम्ही पायऱ्या उतरून खाली जाता, मी मागोमाग. तळाच्या वर पुढे आलेल्या कातळावर तुम्ही काठी मारता, मग हातभर सरकून परत मारता.

"पोरी, हितं ऐक. आन् आता हितं. फरक कळतोय का?"

"मला तर सारखंच वाटतं, आबा. तुमी वर चला आधी."

"सारखं न्हाई. आतनं सुटलाय त्यो. जावईबापूंना सांगतो मी."

"नका सांगू. खाणीचं येड अजून गेलं न्हाई म्हणत्याल. माझ्या घरात मला मान राहू द्या."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि "बरं" म्हणालात. शब्द पाळलात. पुढच्या थंडीत तुमच्या खोकल्यानं तुम्हाला नेलं. त्यानंतरच्या वैशाखात हे गाळ काढायला सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरले आणि तोच कातळ खाली आला. मी न्याहारी घेऊन बांधावर पोचले होते. धूळ वर येताना दिसली.

वेळ आली होती, असं लोक म्हणाले. अजून म्हणतात. मी मान हलवते.

मी शाळेत दोनच वर्षं गेले. खाणीतून येणारी तुमची पोस्टकार्डं अक्षर अक्षर लावत वाचायला शिकले. उत्तर मात्र एकाही कार्डाला लिहिलं नाही, अक्षर वाईट म्हणून लाज वाटायची. हे गेल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले. गोष्टीतलं एखादं माणूस योग्य वेळी बोलत नाही असं दिसलं, की मी ते पान न वाचता उलटते. त्यानं काही होत नाही. विहीर तिथेच आहे, तिच्यावरूनच रोज शेतात जावं लागतं.

खाणीतून वर आल्यावर लेकीनं विचारलं, "आजोबा असंच ठोकायचे ना गं?" मी म्हणाले, आठवत नाही. बापाविना वाढलेल्या पोरीला दुसरं काय सांगू? हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही.

आबा, मंचरच्या बाजारात मी दर उन्हाळ्याला बोटानं वाजवून मडकं पारखून घेते. बद्द वाजलं की कुंभाराला परत देते. त्या दिवशी विहिरीत मला दोन्ही आवाज वेगळे ऐकू आले होते.